शिलावर्तुळं बघायला जाताय? आधी या खापराची गोष्ट ऐका

माझ्या टेबलाच्या खणात एक खापर आहे. तळहाताएवढं. आतून काळं, बाहेरून लाल, काठापाशी पुन्हा काळं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी विदर्भातल्या एका शिलावर्तुळापाशी मी ते उचललं, रुमालात गुंडाळलं आणि सोलापूरला घेऊन आले. पुढे पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर मोठ्या उत्साहाने ते गाईडसमोर ठेवलं. मॅडमनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "कुठल्या वर्तुळातलं?"

मला सांगता आलं नाही. त्या माळावर पंधरा-वीस वर्तुळं होती. त्यातल्या कुठल्या, आतल्या बाजूला की बाहेर, वरच पडलेलं की पावसाने उघड्या पडलेल्या काठातून डोकावणारं, यातलं काहीच मी लिहून ठेवलं नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. खापर परत माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता हे नुसतं मातीचं तुकडं झालं बघ."

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कुणी सिनॉप्सिस लिहिताय, आणि "फील्डवर 'बघायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. म्हणून आज प्राचीन दफनस्थळं, शिलावर्तुळं आणि जुनी पवित्र ठिकाणं यांच्याबद्दल. एकच मुद्दा सांगायचाय: आपण लावलेला अर्थ जुना होतो, आपण केलेलं वर्णन टिकतं. आणि वर्णन करायचं तर वस्तू जागेवर असावी लागते. बाकी सगळं या मुद्द्याचं स्पष्टीकरण आहे.

आधी थोडी ओळख

'महापाषाणीय' या शब्दाला घाबरू नका. मोठे दगड वापरून केलेली दफनं किंवा मृतांची स्मारकं, एवढाच त्याचा साधा अर्थ. प्रकार अनेक आहेत. कुठे उभ्या फरश्यांवर आडवी फरशी ठेवून केलेली दगडी खोली, कुठे एकटाच उभा शिलास्तंभ, कुठे दगडगोट्यांचा ढीग, आणि कुठे त्या ढिगाभोवती मोठ्या दगडांचं कडं. हे शेवटचं म्हणजे शिलावर्तुळ. आपल्याकडे विदर्भात, विशेषतः नागपूरच्या आसपास, ती मोठ्या संख्येने आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमोहरी ही नावं परीक्षेसाठीही पाठ असू द्या.

काळ साधारण इ.स.पू. पहिलं सहस्रक. म्हणजे इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले त्यानंतर किमान दीड हजार वर्षांनी. दोन्हीकडे दगड गोल मांडलेत म्हणून दोन्हींचा संबंध जोडायचा मोह होतो. तो आवरायचा. गोल हा माणसाला कुठेही सुचणारा आकार आहे. मधोमध खुंटी ठोका, दोरी बांधा, फिरा. झालं वर्तुळ.

पहिला थांबा: बोरामणी

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ राहते. नागपूर-पुण्याच्या ट्रॅव्हल्स इथेच पकडायच्या, म्हणून फील्डला निघताना माझी सुरुवात बहुतेक वेळा इथल्या चहाच्या गाड्यावर होते. पण शिकायला लगेच नागपूर गाठायला हवं असं नाही. हैदराबाद रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर बोरामणीचं माळरान आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याची बातमी तुम्ही वाचली असेल: माळरानावरचे पक्षी-प्राणी बघणाऱ्या निसर्गप्रेमींना तिथे लहान लहान दगडांची एक गोल रचना दिसली. एकात एक अशा १५ फेऱ्या, आडवी-उभी सुमारे ५० फूट. भारतात सापडलेल्या गोल चक्रव्यूहांमध्ये सर्वाधिक फेऱ्यांचा तो हाच, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आता विचार करा. दगड आहेत, गोल मांडलेत, जुने वाटतात. मग हे दफन आहे का? नाही. शिलावर्तुळात एक कडं असतं (क्वचित दोन) आणि आतला भाग भरलेला असतो. इथे कडं नाही, वाट आहे. बाहेरून आत नेणारी, वळत वळत जाणारी. अभ्यासकांनी याचा संबंध सातवाहनकालीन व्यापाराशी जोडलाय. तेर, म्हणजे जुनं तगर, इथून फार लांब नाही आणि तिथून रोमन जगाशी व्यापार होता याचे पुरावे आहेत. भूमध्य समुद्राकडच्या क्रीट बेटाच्या नाण्यांवर असाच चक्रव्यूह दिसतो. त्यावरून सुमारे दोन हजार वर्षांचा काळ सुचवला गेलाय.

तुम्ही संशोधक होणार असाल तर इथे एक फरक पकडा. '१५ फेऱ्या' हे वर्णन आहे. उद्या कुणीही जाऊन मोजू शकतं. 'व्यापारी मार्गावरची खूण' हा अर्थ आहे. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. साम्यावरून केलेलं ते अनुमान आहे आणि त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध आणखी पुरावा येऊ शकतो. तुमच्या प्रबंधात ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात आली तरी चालतील, एकाच वाक्यात आली की परीक्षक पकडतात.

आणि हो, हे दगड हातात मावतील एवढेच आहेत. रीलसाठी कुणी चार दगड 'नीट' करून ठेवले, तर पंधराची चौदा फेरी व्हायला वेळ लागत नाही. माळरानावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात ते वेगळंच. लांबून बघा.

दुसरा थांबा: नळदुर्ग

त्याच हैदराबाद रस्त्याने पुढे गेलं की सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग. पाणीमहाल बघायला सगळे जातात. आपल्या विषयासाठी मात्र तिथला एक जुना अधिकारी महत्त्वाचा आहे: फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही १८३९ ची कादंबरी लिहिणारा तोच. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे होता. त्याआधी तो सुरपूर संस्थानात होता, आणि त्या काळात त्याने भीमेच्या खोऱ्यातली, जेवरगीच्या बाजूची महापाषाणीय दफनं उकरली. भीमा म्हणजे आपलीच. पंढरपूरची चंद्रभागा पुढे तिकडेच जाते.

टेलरचा अर्थ काय होता? त्याला या दफनांत युरोपातल्या ड्रुइड पुरोहितांचे आणि मध्य आशियातल्या शकांचे भाऊबंद दिसले. धडापासून वेगळी पडलेली डोकी दिसली तेव्हा त्याने नरबळीचा तर्क केला. आज यातलं फारसं काही कुणी तसंच्या तसं मानत नाही.

मग टेलर आपण का वाचायचा? तर त्याच्या चित्रांसाठी. त्याने दफनाचा उभा छेद काढला. वर दगड, खाली कुठली माती, त्याखाली काय, सांगाडा कुठल्या पातळीवर, भांडी कुठे. एकावर एक थर, मापासह. हे सगळं १८५० च्या आसपास, जेव्हा युरोपातही उत्खनन म्हणजे बऱ्याचदा खजिना शोधणंच होतं. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खननशास्त्रावरच्या आपल्या १९५४ च्या पुस्तकात टेलरच्या या कामाची मुद्दाम दखल घेतली.

बघा म्हणजे. माणूस तोच, दफन तेच. त्याचं मत कालबाह्य झालं, त्याचं छेदचित्र अजून वापरता येतं. माझ्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये टेलरवर दीड पान आहे ते यासाठीच.

तिसरा थांबा: जुनापाणी

आता रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून नागपूर. शहरातून काटोल रस्त्याने साधारण दहा किलोमीटरवर जुनापाणी. परिसरात सुमारे ३०० शिलावर्तुळं नोंदली गेली आहेत आणि हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

पहिल्यांदा गेलात तर कदाचित निराशा होईल, आधीच सांगते. फोटोत बघितलेलं स्टोनहेंज डोक्यात असतं आणि समोर असतात गवतात अर्धवट बुडालेले काळे दगड. गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. दहा मिनिटं एका जागी उभं राहायचं. मग डोळा बसतो. एक दगड, त्याच्या बाजूचा दुसरा, मग लक्षात येतं की हे वळतंय. मग आतला भाग बाहेरच्या जमिनीपेक्षा किंचित उंच आहे हे दिसतं. मग पलीकडचं दुसरं वर्तुळ दिसतं, मग तिसरं. आणि मग कळतं की तुम्ही एका मोठ्या दफनभूमीच्या मधोमध उभे आहात.

इथलं पहिलं गाजलेलं खोदकाम जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याचं. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता, म्हणजे पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हेच. १८६७ मध्ये त्याने इथली काही वर्तुळं उघडली आणि १८७९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. त्यात लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याच्या लगामाच्या कड्या, बांगड्या निघाल्या. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, तेव्हा वर्तुळांच्या आत बाहेरून आणून भरलेल्या काळ्या मातीची भर, दफनासोबत ठेवलेल्या वस्तू आणि घोड्याच्या कुळातल्या प्राण्यांचे अवशेष यांची नोंद झाली. घोडा या लोकांसाठी महत्त्वाचा होता हे माहुरझरीसारख्या इतर ठिकाणांवरूनही दिसतं. तिथे घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळालेत.

रिव्हेट-कार्नाकने आणखी एक गोष्ट टिपली: काही दगडांवर कोरलेले लहान गोल खळगे. एका ओळीत किंवा अधिकासारख्या आडव्या-उभ्या ओळींत. त्यानेही टेलरसारखंच केलं, हे खळगे ब्रिटनमधल्या दगडांवरच्या खळग्यांशी जोडले. तो संबंध आता कुणी लावत नाही. पण खळगे कुठल्या दगडांवर आहेत हे लिहून ठेवलेलं उपयोगी पडलं. अलीकडच्या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खळग्यांच्या दिशा मोजल्या. वर्तुळाच्या केंद्रापासून बघितलं तर खळग्यांचे दगड ठरावीक दिशांना येतात, आणि त्याचा आकाशातल्या घडामोडींशी संबंध असू शकतो, असं त्यांनी मांडलं.

हे तुम्हाला पटो न पटो, तो वेगळा वाद. पण ही कल्पना तपासायची तर काय लागतं? दगड मूळ जागेवर आणि मूळ बाजूला तोंड करून असणं लागतं. बस. एखादा खळग्यांचा दगड कुणी बसायला सोयीचा म्हणून फिरवून ठेवला, तर तो दगड शाबूत असूनही पुरावा गेला. आणि गंमत म्हणजे तो गेला हे पुढच्या माणसाला कळतही नाही. तो फिरवलेल्या दगडाची दिशा मोजतो आणि प्रामाणिकपणे चुकीचा आकडा लिहितो.

वर्तुळाबाहेर बघा

नवीन विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे वर्तुळ एवढंच स्थळ समजणं. हे लोक मेल्यावर इथे आले, जगले कुठे? हा प्रश्न विदर्भात प्रा. शां. भा. देव यांनी गांभीर्याने घेतला. टाकळघाटला वस्तीचं आणि जवळच्या खापा इथे वर्तुळांचं उत्खनन झालं. दोन्हीकडची भांडी आणि वस्तू जुळल्या. म्हणजे दफनं आणि वस्ती एकाच संस्कृतीची, हे दाखवता आलं. नैकुंडला तर लोखंड वितळवण्याची भट्टी मिळाली. वर्तुळांतलं लोखंड आकाशातून पडलं नव्हतं, ते इथेच तयार होत होतं.

तुलनेसाठी भीमेच्या खोऱ्यातलं इनामगाव घ्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी. तिथे १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन झालं. ताम्रपाषाणयुगातली ही शेतकरी माणसं आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत. मोठ्यांना लांबवून, बहुतेकदा पावलं घोट्यापासून तोडून. का तोडत? मृताने उठून फिरू नये म्हणून, असा तर्क केला जातो. पुन्हा तेच: पावलं नसणं हे वर्णन, भीती हा अर्थ.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एकीकडे मेलेला माणूस घरातच, चुलीपासून हाताच्या अंतरावर. दुसरीकडे वस्तीबाहेर, मोठाले दगड ओढून आणून केलेली जागा, दुरून दिसेल अशी. मृताशी असलेलं नातं किती वेगळं! हा फरक दिसायला एकही सोन्याची वस्तू लागत नाही. दफन कुठे आहे आणि घर कुठे आहे, एवढंच कळावं लागतं.

आणि ही सगळी मेलेली परंपरा आहे असंही नाही. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. आपल्या गावांतल्या वीरगळांना आजही शेंदूर लागतो. म्हणून कुठलाही उभा दगड 'बेवारस' धरू नका.

दगडाचं वय कसं काढतात?

थोडक्यात: दगडाचं काढत नाहीत. वर्तुळातला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असेल, त्याचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याला हवं ते दगड मांडल्याचं वय. ते मिळतं दगडांच्या सोबत, एकाच थरात सापडलेल्या गोष्टींवरून. कोळसा असेल तर रेडिओकार्बन, माती असेल तर तिच्यावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे सांगणारी पद्धत, भांडी असतील तर वय माहीत असलेल्या इतर भांड्यांशी तुलना.

इथे एक अडचण आहे जी पाठ्यपुस्तकात बऱ्याचदा नसते. हवेतल्या रेडिओकार्बनचं प्रमाण कायम सारखं नव्हतं, म्हणून मोजलेल्या आकड्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा कॅलिब्रेशनचा आलेख जवळजवळ सपाट आहे. म्हणजे त्यात दोनशे-तीनशे वर्षांचं अंतर असलेले दोन कोळसे प्रयोगशाळेत जवळपास सारखेच दिसू शकतात. आणि विदर्भातली बरीच वर्तुळं नेमकी याच काळाच्या आसपासची! म्हणून कुणी तुम्हाला "हे वर्तुळ इ.स.पू. ६२० चं" असं ठामपणे सांगितलं, तर हसू नका, पण नमुना कुठल्या थरातला होता ते विचारा. अशा वेळी थरांचा क्रमच उपयोगी पडतो: कुठला कोळसा वर, कुठला खाली. पुन्हा आपण जागेपाशीच आलो.

माझ्या खापराचं पुढे काय झालं

मॅडमच्या प्रश्नानंतर मी ठरवलं की पुन्हा जायचं आणि ती जागा शोधून काढायची. दोन वर्षांनी गेले. ते स्थळ संरक्षित यादीत नव्हतं. माळाच्या अर्ध्या भागावर सपाटीकरण झालं होतं आणि चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. हटवलेले काळे दगड एका कोपऱ्यात ढीग करून ठेवले होते. माझं वर्तुळ त्या ढिगात होतं की उरलेल्या अर्ध्यात, हेही मला सांगता येईना.

शेजारच्या शेतातून एक काका आले. मला वाटलं हाकलतील. म्हणाले, "काय पाहून रायली पोरी? सोनं-बिनं नाही भेटत तिथं." मी सांगितलं, आधी आले होते, दगड शोधतेय, अभ्यासासाठी. काका ढिगाकडे बघत म्हणाले, "माह्या बापानं बी या गोट्यांले हात नाई लावला कधी. नांगर बाजूनं घे म्हणे. शिकले-सवरलेले लोकंच नेतात उचलून."

त्यांचा रोख प्लॉटवाल्यांकडे होता. खापर माझ्या बॅगेतच होतं. मी गप्प बसले.

नंतर खूप वेळ वाटत राहिलं की एवढ्याशा खापराने काय झालं असतं? तर एवढं झालं असतं: मी तेव्हा ते उचललं नसतं आणि फक्त 'वर्तुळ क्रमांक ७, वायव्य काठ, जमिनीखाली एक वीतभर, उघडा पडलेला काठ, काळ्या-लाल भांड्याचा तुकडा' असं लिहून, फोटो आणि जीपीएस नोंद घेऊन संबंधित कार्यालयाला पत्र टाकलं असतं, तर त्या माळावर दफनं आहेत याची एक लेखी नोंद तरी सपाटीकरणाच्या आधीची असती. त्याने माळ वाचला असता असं नाही म्हणत. पण दाखवायला काहीतरी असतं. आज माझ्याकडे खापर आहे आणि नोंद नाही. उलटं असायला हवं होतं.

जाणारच असाल तर

१. हंगाम बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवतात दगड दिसत नाहीत आणि साप दिसत नाहीत, दोन्ही वाईट.

२. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. तिरप्या उन्हात खळगे उठून दिसतात, दुपारी बारा वाजता शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. दिसावेत म्हणून खडू भरू नका, पाणी ओतू नका, गंज-शेवाळ खरवडू नका.

३. आधी माणसं, मग दगड. जमीन कुणाची ते विचारा आणि परवानगी घ्या. मुलींनो, एकट्या जाऊ नका, आणि कुठे जाताय ते घरी आणि विभागात सांगून जा.

४. वहीला तीन रकाने करा. पहिला 'मी बघितलं', दुसरा 'लोकांनी सांगितलं', तिसरा 'मला वाटतं'. फील्डवर पहिले दोनच भरायचे. तिसरा परत आल्यावर. ही सवय मला मॅडमनी लावली आणि प्रबंधाचा निम्मा गोंधळ तिथेच कमी झाला.

५. हाताने स्केच काढा, चित्रकला येत नसली तरी. फोटोत सगळं येतं पण तुम्ही काय बघितलं ते येत नाही. दगड मोजा, दोन दिशांनी व्यास मोजा, उत्तर दिशा दाखवा. होकायंत्र दगडाला टेकवून धरू नका, बेसॉल्टमुळे सुई फसू शकते. दोन-चार पावलं लांब उभं राहून वाचा आणि दुसऱ्या जागेवरून पडताळा.

६. फोटोत मापासाठी स्केल ठेवा. नाही तर निदान पेन. मित्राला दगडावर उभं करू नका.

७. काही उचलू नका. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो. संरक्षित नसलेल्या जागीही परवान्याशिवाय खणायचं नाही आणि वस्तू घरी आणायच्या नाहीत.

८. असंरक्षित स्थळाचं नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. विभागाला, पुरातत्त्व खात्याला द्या. खजिन्याच्या आशेने खणणारे लोक तुमच्या आधी पोचतात.

घरापासून सुरुवात करा

दा. ध. कोसंबींचं 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) अजून वाचलं नसेल तर त्यातला चौरस्त्यावरच्या मातृदेवतांवरचा निबंध आधी वाचा. पुण्याच्या आसपास पायी हिंडून, गावाबाहेरची देवीची ठाणी, जुन्या वाटा आणि सूक्ष्मपाषाण हत्यारं सापडण्याच्या जागा एकमेकांशी ताडून त्यांनी तो लिहिला. मोठा निधी नाही, मोठी यंत्रणा नाही. पाय, वही आणि गावकऱ्यांशी बोलणं. ते वाचल्यापासून सात रस्त्यावर उभी राहिले तरी माझ्या डोक्यात येतं, यातली जुनी वाट कुठली असेल?

सोलापूरकरांना तर घरबसल्या सराव आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापन केलेली ६८ लिंगं आणि गड्ड्याच्या यात्रेत त्यांना होणारी नंदीध्वजांची प्रदक्षिणा आपण लहानपणापासून बघतो. पण त्यातली किती कुठे आहेत, कुठल्या वाटेने, आज आजूबाजूला काय आहे, हे स्वतः चालून, लिहून कितीजणांनी बघितलंय? पवित्र जागा एकेकटी नसते, ती वाटेवर असते. हे पुस्तकातून कळत नाही, पायाला कळतं.

म्हणून या आठवड्याचा अभ्यास. तुमच्या गावातला किंवा पेठेतला एक वीरगळ निवडा. मारुतीच्या देवळाबाहेर, वेशीपाशी, कुठेतरी असेलच. तासभर त्याच्यासमोर बसा. एक पान लिहा, फक्त वर्णन: उंची, किती चौकटी, कुठल्या चौकटीत काय, तोंड कुठल्या दिशेला, शेंदूर कुठे, शेजारी काय. 'शौर्य', 'बलिदान', 'प्राचीन' यातला एकही शब्द न वापरता. वाटतं तेवढं सोपं नाही, माझे पहिले तीन प्रयत्न मॅडमनी परत केले होते.

खापर मी आता विभागात जमा करतेय. सोबतच्या चिठ्ठीवर 'स्थळ' या रकान्यात तालुक्याचं नाव लिहिलंय आणि 'वर्तुळ क्रमांक' हा रकाना रिकामा सोडलाय. तुमच्या वहीतला तो भरलेला असू द्या.